विश्वास कोणावर, भरवसा कशाचा?

प्रश्न असा आला आहे: लोकांचा एकमेकांवर किती विश्वास आहे हे मोजणारी एक प्रश्नावली शहरातल्या आणि खेड्यातल्या ज्येष्ठांसाठी मराठीत आणायची आहे. 'सामाजिक विश्वास' म्हटलं की आजी-आजोबा नुसते बघत राहतात. मग 'विश्वास' लिहावं की 'भरवसा'? दोन्ही एकच ना?

एकच नाहीत. फरक पाहायचा तर कोश उघडण्याआधी विभक्ती बघा. विश्वास माणसा'वर' असतो, भरवसा बहुतेक वेळा माणसा'चा'. 'माझा तुझ्यावर विश्वास नाही' म्हणालात तर भांडण होईल. 'तुझा काही भरवसा नाही बाबा' हे मात्र हसतहसत म्हणता येतं. पहिल्यात बोलणाऱ्याचं मन आहे, दुसऱ्यात समोरच्याचं वागणं. म्हणूनच भरवसा पावसाचा, एसटीचा, विजेचा नसतो आणि साठीनंतर गुडघ्यांचाही नसतो. 'माझा पावसावर विश्वास नाही' म्हणणारा शेतकरी मला अजून भेटलेला नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला तरी म्हशीनं विश्वासघात केला असं कोणी म्हणत नाही. हिशेब चुकला, एवढंच.

विश्वास संस्कृतातून आला. मूळ धातू श्वस्, म्हणजे श्वास घेणे. निःश्वास आणि आश्वासन त्याच घरातले. कागदोपत्री सगळा मान त्यालाच मिळाला: विश्वस्त, विश्वासघात, अविश्वास ठराव. (आणि '१७६१' म्हटलं की 'विश्वास तर पानिपतात गेला' हा विनोद. नानासाहेब पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव तिथे पडले, त्यावरून.) भरवसा बोलण्यातच रमला. विदर्भात तो 'भरोसा' होऊन भेटतो.

आता तुमची खरी अडचण. अशा पाहण्यांमधला ठरलेला प्रश्न साधारण असा असतो: 'बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो, की लोकांशी वागताना फार जपून राहावं लागतं?' अनेक देशांत होणारा वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे १९८१ पासून हेच विचारत आला आहे. मराठीत हा प्रश्न दोन जागी अडतो.

एक म्हणजे 'माणसं'. साताऱ्याकडच्या माझ्या मावशीला 'माणसं कशी आहेत?' विचारलं तर तिच्या डोळ्यांसमोर आळीतली घरं येतात. कोणाचा बैल कोणाच्या सावडीला (शेतकामातल्या देवाणघेवाणीच्या मदतीला) होता, कोणाच्या इर्जिकीला (गावानं मिळून केलेल्या नांगरटीला) कोण जेवलं, हे तिला पाठ आहे. तेव्हा 'माणसं चांगली आहेत' हे तिचं उत्तर ओळखीच्यांबद्दलचं झालं. पुण्यात सातव्या मजल्यावर राहणारे काका तोच प्रश्न ऐकतात तेव्हा त्यांना आठवतो लिफ्टमधला अनोळखी चेहरा, नाहीतर ओटीपी मागणारा फोनवरचा गोड आवाज. दोघांची उत्तरं शेजारी मांडून 'खेड्यात विश्वास जास्त' म्हणालात, तर तुम्ही शेजारी आणि तिऱ्हाईत यांची तुलना केलीत. मावशी तिऱ्हाइताबद्दल काकांपेक्षा कडक निघेल असा माझा अंदाज आहे. फेरीवाला नवा दिसला की ती आधी गाव विचारते, मग आडनाव, भाव शेवटी.

दुसरी जागा 'जपून'. मराठीत हा शब्द दरवेळी संशयाचा नसतो. 'जपून जा गं' हा निरोप आहे, मायेचा. सत्तरीतल्या बाईनं 'जपूनच राहावं लागतं' म्हटलं तर ती रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल किंवा स्वतःच्या तब्येतीबद्दल बोलत असेल, आणि तुम्ही तिला अविश्वासाच्या रकान्यात टाकाल. 'सावध' लिहा, तो निदान माणसांना लागू पडतो.

माझं मत विचाराल तर मोठ्या शब्दात अडकूच नका. घराची किल्ली कोणाकडे ठेवता? हातउसने पैसे कागदाशिवाय कोणाला देता? रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर आधी कोणाला हाक माराल? ह्यांची उत्तरं गावात आणि शहरात सारख्याच सहजपणे मिळतात. परक्यांचं वेगळं विचारा, आणि 'परका' म्हणजे कोण तेही प्रश्नातच सांगा: पहिल्यांदा भेटलेला, गावचा नसलेला, की दुसऱ्या धर्माचा. तिन्ही उत्तरं एकसारखी येत नाहीत.

शब्द निवडायचेच झाले तर माणसासाठी 'विश्वास' आणि मदतीसाठी 'भरवसा' ठेवा: 'शेजाऱ्यांवर विश्वास आहे का?' आणि 'अडीअडचणीला शेजाऱ्यांचा भरवसा वाटतो का?' पुण्यातले काका पहिल्याला हो म्हणतील आणि दुसऱ्याला थांबतील. शेजारी सज्जन आहेत, पण दोघंही नोकरीला, घराला दिवसभर कुलूप. 'सामाजिक' तेवढा काढून टाका.