आधी न्यायाधीश, मग राजकारण?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली कन्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला आहे. वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने अमेरिकन न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस यांच्यावर भाषण तयार केले आणि तेव्हापासून ‘आधी न्यायाधीश, मग राजकारण’ हेच तिच्या मनाने घेतले आहे, असे आपण लिहिता. पदवी हाती येताच तिला न्यायाधीशपदाच्या परीक्षेच्या क्लासला घालावे का, हा आपला प्रश्न. माझे उत्तर ‘लगेच नको’ असे आहे, आणि त्याचे कारण डेव्हिस यांच्याच चरित्रात सापडते.

डेव्हिस यांचा जन्म 1815 मध्ये मेरीलँडमध्ये झाला. 1836 मध्ये ते इलिनॉयमधील ब्लूमिंग्टनला वकिलीसाठी स्थायिक झाले आणि पुढे एकदा राज्य विधिमंडळातही बसले. त्यांची खरी घडण मात्र 1848 ते 1862 या काळात, आठव्या फिरत्या न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून झाली. या न्यायालयाच्या कक्षेत एके काळी चौदा परगणे होते आणि वसंतात व शरदात चिखलाच्या रस्त्यांनी गावोगाव फिरून खटले चालवावे लागत. डेव्हिस यांचा देह इतका अवाढव्य की त्यांच्या बग्गीला दोन घोडे जोडावे लागत! मुक्कामाच्या खाणावळीत न्यायाधीश आणि वकील एकाच पंगतीला बसत, आणि त्या वकिलांत अब्राहम लिंकन असत. कर्जवसुलीच्या, अब्रूनुकसानीच्या किरकोळ दाव्यांत डेव्हिस यांनी या माणसाला वर्षानुवर्षे जवळून पाहिले. स्वतः हजर नसताना कधी कधी न्यायासनावरही त्यालाच बसवले.

म्हणूनच 1860 मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या शिकागो अधिवेशनात लिंकन यांच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीची सूत्रे डेव्हिस यांनी हाती घेतली. त्या वेळी ते पदावर असलेले न्यायाधीश होते, हे आपल्या कन्येने भाषणात सांगितले असेल अशी आशा आहे. आज ते कोणालाही खपणार नाही. 1862 मध्ये लिंकन यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमले. तरीही 1866 च्या मिलिगन खटल्यात, नागरी न्यायालये सुरू असताना नागरिकावर लष्करी न्यायालयात खटला चालवता येत नाही, हा निकाल डेव्हिस यांनीच लिहिला; हा खटला ज्या लष्करी न्यायालयात चालला होता, ते लिंकन यांच्याच कारकिर्दीतील होते.

दोन डगरींवर पाय ठेवण्याची किंमत 1877 मध्ये दिसली. अध्यक्षीय निवडणुकीत राज्यांच्या निर्वाचकांची वीस मते वादात सापडल्याने पंधरा जणांचा आयोग नेमायचे ठरले. त्यात दोन्ही पक्षांचे सात-सात सदस्य असणार होते आणि निर्णायक पंधरावे डेव्हिस असतील, असे सर्वांनी गृहीत धरले होते. नेमक्या त्याच वेळी इलिनॉय विधिमंडळाने त्यांना सिनेटवर निवडून दिले. त्यांनी आयोगावर बसण्यास नकार दिला, जागा न्यायमूर्ती ब्रॅडली यांच्याकडे गेली आणि प्रत्येक वादाचा निकाल आठ विरुद्ध सात असा रिपब्लिकन उमेदवार हेज यांच्या बाजूने लागला. डेव्हिस 1883 पर्यंत सिनेटमध्ये होते, शेवटचे सुमारे दीड वर्ष सभागृहाचे हंगामी अध्यक्षही. पण माझ्या मते ती पदे त्या एका नकाराच्या सावलीतून बाहेर आलीच नाहीत.

आता आपल्याकडचे. इथे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश निवडून येत नाही. त्याची निवड स्पर्धा परीक्षेतून होते आणि पदावर असताना पक्षकार्य सर्वस्वी वर्ज्य असते. मे 2025 मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे, त्यामुळे पदवीनंतर लगेच क्लास हा पर्याय तसाही फारसा उरलेला नाही. राजकारणाचे दार कायमचे बंद होत नाही: मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला 1958 मध्ये पद सोडून अमेरिकेत राजदूत झाले आणि पुढे केंद्रात शिक्षणमंत्री. पण ते दार खुर्ची सोडल्यावरच उघडते.

तेव्हा सनद मिळाल्यावर तिला एखाद्या दिवाणी वकिलाच्या हाताखाली तीन वर्षे काढू द्यावीत, शक्यतो तालुक्याच्या ठिकाणी. तोवर कॉलेज नसेल त्या दिवशी सकाळी अकराला तिला जवळच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसायला पाठवा. पुकारा झाल्यावर कोण उभे राहते, कोणाला नुसती पुढची तारीख मिळते आणि तो माणूस एस.टी.ने किती लांबून आलेला असतो, हे तिने वहीत टिपावे. असे वीस दिवस झाल्यावरही राजकारणाचा प्रश्न मनात उरला, तर पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे.