दहा वर्षे बंद असलेले विहिरीवरचे डिझेल इंजिन घरच्या घरी साफ करून पुन्हा चालू करता येईल का?

आपण विचारले आहे की आजोबांच्या काळातील, दहा वर्षे बंद असलेले आणि चाक जागचे न हलणारे इंजिन घरी साफ करता येईल का, आणि त्यासाठी किती खर्च येईल. साफ करता येईल. मात्र ‘सगळे भाग कॉस्टिक सोड्यात रात्रभर बुडवले की काम होते असे ऐकले आहे’ हे आपल्या प्रश्नातील वाक्य वाचल्यावर मला उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण अशाच एका रात्रीने आमच्या अण्णांच्या इंजिनाचा पिस्टन खाल्ला.

आमची नारळ-सुपारीची वाडी श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विहिरीवर किर्लोस्करचे पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला १५०० फेऱ्यांचे, पाण्याने थंड होणारे इंजिन बसवले होते आणि मला लहानपणापासून त्याचे हँडल मारायला शिकवले होते. विजेचा पंप आल्यावर ते खोपीत पडून राहिले. त्यातच एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, उघडा असताना ते थांबलेले होते, त्यामुळे प्रत्येक पावसाळ्यात सायलेन्सरमधून खारी, दमट हवा थेट सिलिंडरात उतरत राहिली आणि पिस्टनभोवतीच्या लोखंडी रिंगा लायनरला, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याला, धरून बसल्या. आपलेही इंजिन किनाऱ्याजवळ असेल तर बहुधा हेच झालेले असणार.

२०१८ च्या मे महिन्यात मी हेड, म्हणजे सिलिंडरचे वरचे झाकण, उतरवले, पिस्टनच्या डोक्यावर गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते लाल तेल आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे ओतले आणि रोज संध्याकाळी चाकाला दोन्ही दिशांनी हलका जोर देत राहिले. घण मारला नाही, चाकात पहारही घातली नाही. नवव्या दिवशी चाक अंगठ्याएवढे सरकले तेव्हा मी खोपीत एकटीच होते, आणि तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो.

पिस्टन बाहेर निघाला त्याच आठवड्यात दादा ठाण्याहून चार दिवसांच्या रजेवर आला. रिंगांच्या खाचांत भाजून दगड झालेला कार्बन पाहून तो म्हणाला, “हे खरवडत तू गणपतीपर्यंत बसशील.” त्याने तालुक्याच्या गावचा एक मेकॅनिक बोलावला, त्या गृहस्थांनी पिस्टन आणि हेड नेऊन कॉस्टिकच्या बादलीत टाकले, आणि मी नको म्हणत असताना दोघांनीही माझे ऐकले नाही. सकाळी गेलो तेव्हा बादली हाताला गरम लागत होती, वर करडा फेस होता आणि पिस्टन काळाठिक्कर पडला होता. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळते आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो, हे शाळेतल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातही असते. नवी रिंग घालून पाहिली तर ती खाचेत वरखाली खुळखुळत होती. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट दाबली जाऊन जी तापते तिच्यावरच डिझेल पेटते, आणि रिंगेतून दाब निसटला तर कितीही हँडल मारले तरी ते इंजिन सुरू होत नाही. दादा म्हणाला, आता भंगारात घाल. मी घातले नाही. महाडहून नवा पिस्टन आणि लायनर आणला, आणि पुढचे सगळे काम माझ्या पद्धतीने केले.

ती पद्धत अशी. भाग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये दोन-तीन दिवस भिजत ठेवावेत, बांबूच्या कामटीने कार्बन उचलावा आणि उरलेला पितळी ब्रशने काढावा. लोखंडी तारेचा ब्रश पिस्टनला लावू नये. हेडचे व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने त्यांच्या सीटवर, म्हणजे बसण्याच्या जागेवर, घासून झाले की पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमागच्या हवा-धुराच्या वाटेत, रॉकेल भरून ठेवावे. तासाभराने खालची बाजू कोरडी राहिली तर व्हॉल्व्ह बसला असे समजावे. पाण्याच्या जॅकेटकडे, म्हणजे सिलिंडरभोवती थंड पाणी फिरते त्या पोकळीकडे, सगळे दुर्लक्ष करतात, पण आपल्याकडच्या मचूळ विहिरींमुळे तिथे गाळाचा घट्ट थर साचलेला असतो. मी वाकवलेल्या तारेने तो काढत दोन दिवस घालवले, आणि अर्धी बादली गाळ निघाला. नोझल (डिझेलचा फवारा सोडणारे तोंड) आणि फ्युएल पंप मात्र घरी उघडू नयेत, डिझेल लॅबमध्येच तपासून घ्यावेत. नोझलमधून साधारण दोनशे बारच्या दाबाने सुटणारा फवारा कातडी फोडून आत शिरतो, म्हणून त्याच्यासमोर बोट धरू नये. वाळूच्या फवाऱ्याने गंज काढून देणारे भेटतील, त्यांना परत पाठवावे, कारण तेलाच्या वाटेत अडकलेला एक कणही बेअरिंग खातो. पितळी पाटी असेल तर ती भिजवलेल्या आमसुलाने घासावी, आपण पूजेची भांडी घासतो तशी. सुटे भाग मागताना तिच्यावरचा नंबर लागतो. रंग सर्वांत शेवटी द्यावा.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्यावरून गेले. वाडीतल्या सुपारी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि आमच्याकडे कित्येक आठवडे वीज नव्हती. विहीर भरलेली होती, पण पंप चालत नव्हते. त्या दिवसांत आमच्या आळीतली माणसे सकाळी हंडे-कळश्या घेऊन खोपीपाशी उभी राहत आणि मी हँडल मारत असे. दादा पुढे आला तेव्हा त्याने इंजिनावरून हात फिरवला, पण कॉस्टिकमध्ये टाकण्यात चूक झाली हे त्याने कबूल केले नाही. त्याचे म्हणणे आजही असे आहे की पिस्टन आधीच झिजलेला होता. तो झिजलेला नव्हता. खाचा मी स्वतः फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजल्या होत्या.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. संथ गतीच्या काही जुन्या इंजिनांत पिस्टन बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, असतो, आणि बिडाला कॉस्टिक असे खात नाही. म्हणून आधी चुंबक लावून पाहावा, तो चिकटला नाही तर ते ॲल्युमिनियम आहे. माझे हेड बिडाचे होते म्हणूनच ते त्या बादलीतून वाचले. ॲसिटोन उघड्यावरच हाताळावे, जवळ विडी-काडी नसावी. पहिल्यांदा सुरू करताना खोपीचे दार उघडे ठेवावे आणि हवेच्या तोंडावर दाबून धरता येईल अशी सपाट फळी हाताशी ठेवावी, कारण खालचे तेल वर चढून तेच जळू लागले तर डिझेल तोडूनही इंजिन थांबत नाही, त्याची हवाच बंद करावी लागते. खर्चाचे म्हणाल तर लायनर आणि क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा वाकडा दांडा) शाबूत असतील तर तो थोडक्यात भागतो, आणि हेड उतरवल्याशिवाय कोणी आकडा सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. घरातले कोणी रजा संपत आली म्हणून घाई करू लागले, तर पिस्टन आपल्या खोलीत कुलपात ठेवावा.