खाऱ्या पाण्यात लागलेलं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सासूबाई ओहोटीला खाडीत कालवं काढायला जातात. कालवाच्या धारेने हातपाय कापला की तिथल्याच पाण्यात धुतात आणि घरी येऊन हळद दाबतात. खाऱ्या पाण्याने जखम लवकर सुकते, असं त्यांचं म्हणणं. ते खरं आहे का?
– एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : खरं नाही, आणि ही सवय मोडायलाच हवी. दवाखान्यात सलाईनने जखम धुतात, ते निर्जंतुक असतं आणि त्यात लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं. समुद्राच्या पाण्यात मीठ ३५ ग्रॅमच्या आसपास असतं आणि शिवाय असंख्य जिवाणू. त्यातला ‘व्हिब्रिओ व्हल्निफिकस’ सर्वांत घातक. त्याला कोमट आणि मचूळ पाणी मानवतं, म्हणजे नदीचं गोडं पाणी मिसळलेली आपली खाडीच. कालव पाणी गाळून जगतं, त्यामुळे पाण्यातले जिवाणू त्याच्या अंगात साठत जातात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कालवांमध्येही हा जिवाणू सापडलेला आहे.

खाडीवर जाताना पिण्याच्या पाण्याची एक जादा बाटली न्यावी आणि कापल्याबरोबर ते पाणी जखमेवर ओतावं. घरी आल्यावर नळाच्या धारेखाली साबण लावून निदान ५ ते १० मिनिटं धुवावं. घाई इथेच होते. जखमेच्या कडा हलके फाकवून, उजेडात बघून, वाळू आणि कवचाचा चुरा निघाला की नाही ते तपासावं. कवचाची एवढीशी कपची आत राहिली तरी जखम वरून भरून येते आणि आत पू धरतो. मग कोरडं, स्वच्छ गॉज बांधावं आणि ते रोज बदलावं. हळद, तंबाखू, चुना, राख यांतलं काहीही भरू नये. हळदीची पूड निर्जंतुक नसते, आणि तिच्या पिवळ्या थराखाली लाली चढतेय का तेच दिसत नाही.

जखम खोल असेल तर डॉक्टरांकडे जावंच. अशी जखम त्याच दिवशी घट्ट टाके घालून बंद करण्यापेक्षा मोकळी ठेवून ३ ते ५ दिवसांनी शिवणं बहुधा सुरक्षित ठरतं. त्यांनी टाके घातले नाहीत म्हणून नाराज होऊ नका. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं उलटली असतील तर ते पुन्हा घ्यावं.

प्रश्न : माझे यजमान मासेमारीला जातात. त्यांना मधुमेह आहे, आणि दारूमुळे यकृतही खराब झाल्याचं डॉक्टर म्हणाले. छोटी-मोठी जखम तर रोजचीच. घाबरायचं कधी?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : तुमच्या यजमानांसारख्या माणसाने इतरांपेक्षा कितीतरी लवकर दवाखाना गाठायला हवा. वर सांगितलेल्या व्हिब्रिओ जिवाणूला वाढायला लोह लागतं. निरोगी शरीर लोह प्रथिनांशी बांधून ठेवतं, ते जिवाणूच्या हाती सहज लागत नाही. यकृत बिघडलं की हा बंदोबस्त ढिला पडतो आणि प्रतिकारशक्तीही उतरते. थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्यांच्या अंगातही लोह साठतं, त्यांनाही हाच धोका.

लक्षणं बहुधा पहिल्या १ ते ३ दिवसांत दिसतात, कधी १२ तासांतसुद्धा. पहिली खूण म्हणजे दिसायला जखम किरकोळ, पण ठणका असह्य. मग सूज आणि लाली. लालीच्या कडेवर बॉलपेनने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. एक-दोन तासांत लाली रेघेबाहेर गेली, जांभळट किंवा काळपट पाण्याचे फोड आले, हुडहुडी भरली, चक्कर आली, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. जिथे सर्जन आहेत अशाच रुग्णालयात न्या. त्वचेखालचं ऊतक मरायला लागलं की तिथल्या रक्तवाहिन्या गोठतात आणि औषध पोचत नाही, म्हणून मेलेला भाग तातडीने कापून काढावा लागतो.

दारातच डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा : खाऱ्या पाण्यात लागलंय, किती वाजता लागलं, आणि यकृताचा आजार आहे. त्वचेच्या साध्या संसर्गाला देतात त्या अमॉक्सिसिलिन किंवा सेफॅलेक्सिनवर इथे भरवसा ठेवता येत नाही. सहसा डॉक्सिसायक्लिनच्या जोडीला सेफ्टाझिडिम किंवा सेफ्ट्रिॲक्सोन शिरेतून देतात. हा संसर्ग झालेल्यांपैकी पाचांत एक दगावतो, काही जण तर दोन दिवसांच्या आत. अमेरिकेत २००५ साली कतरिना वादळानंतर व्हिब्रिओ जातीच्या जिवाणूंनी १८ जणांच्या जखमा चिघळल्या, त्यांतले ५ गेले. म्हणून मेडिकलमधून दोन गोळ्या आणून बघू, असं यजमानांच्या बाबतीत कधीच करू नका. त्यांना कच्ची किंवा अर्धकच्ची कालवंही देऊ नका, पोटातूनही हाच जिवाणू रक्तात जातो.

प्रश्न : शिंगाळ्याचा काटा लागला तर गरम पाण्यात हात बुडवतात. त्याचा उपयोग होतो का?

उत्तर : वेदनेवर चांगला होतो. शिंगाळा किंवा पाकटाच्या काट्यातलं विष उष्णतेने निकामी होतं. सुमारे ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं हात ठेवावा. पाणी आधी दुसऱ्या, धड हाताने तपासा. ठणकणाऱ्या हाताला चटका कळत नाही, आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला तर मुळीच नाही. जिवाणू मात्र या पाण्याने मरत नाहीत. काट्याचं टोक आत मोडलं असेल तर एक्स-रे काढून घ्यावा.

प्रश्न : मी मासळी विकते. बोटावर गाठ येऊन दोन महिने झाले, आता मनगटापर्यंत ओळीने आणखी गाठी आल्यात. तुकडा काढून तपासला तर ‘टीबीसारखं’ असा रिपोर्ट आला. औषधं सुरू करू का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : आधी डॉक्टरांना तुमचा धंदा सांगा. ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ हा क्षयाच्या जंतूचाच भाऊबंद आहे. तो मासे आणि पाण्यातून हाताच्या चिरांत शिरतो. गाठ साधारण २ ते ४ आठवड्यांनी उठते, कधी कित्येक महिन्यांनी. सूक्ष्मदर्शकाखाली क्षय आणि हा, दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. म्हणून तुकडा कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) पाठवताना ३० अंशांवर वाढवायची सूचना चिठ्ठीत लिहून घ्या. हा जंतू ३० ते ३२ अंशांवर वाढतो. प्रयोगशाळेने नेहमीसारखं ३७ अंशांवर ठेवलं तर अनेकदा काहीच उगवत नाही आणि निदान चुकतं.

औषधंही वेगळी. क्षयाच्या नेहमीच्या चार औषधांपैकी पायराझिनामाइडचा यावर उपयोग नाही आणि आयसोनियाझिडचाही फारसा नाही. बहुधा क्लॅरिथ्रोमायसिनसोबत इथॅम्ब्युटॉल किंवा रिफाम्पिसिन देतात, आणि गाठी विरल्यावरही महिना-दोन महिने चालू ठेवतात. एकूण तीन-चार महिने तरी धरा. हा रोग हातापुरताच राहतो कारण शरीराच्या आतली ऊब त्याला मानवत नाही. एका माणसापासून दुसऱ्याला तो होत नाही, घरच्यांपासून दूर राहायची गरज नाही.

(मासळी साफ करताना बोटावर जांभळट-लाल, जळजळणारा, कडा स्पष्ट असलेला पट्टा दोन ते सात दिवसांत उठतो, पू नसतो, तो आजार वेगळा. त्याला पेनिसिलिन लागू पडतं.)

प्रश्न : गोव्यात नवीन टॅटू काढून लगेच पोहायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे. टॅटू म्हणजे हजारो सुईछिद्रांची उघडी जखम, ती भरायला निदान दोन आठवडे लागतात. यकृताचा जुना आजार असलेला ३१ वर्षांचा एक माणूस टॅटू काढल्यावर पाचव्या दिवशी मेक्सिकोच्या आखातात पोहला आणि याच व्हिब्रिओने दगावला. ही नोंद २०१७ सालच्या वैद्यकीय साहित्यात आहे. जलरोधक पट्टीच्या भरवशावरही उतरू नका, लाटांत तिची कड सुटते आणि पाणी आत कोंडतं. आधी पोहून घ्या, टॅटू परतायच्या दिवशी काढा.