सारख्या उच्चाराचे इंग्रजी शब्द ओळखताना
सारख्या उच्चाराचे शब्द जोडीने पाठ करू नका, कारण असे पाठ केलेले शब्द ऐन लिहिताना एकमेकांत मिसळतात. प्रत्येक शब्द त्याच्या जवळच्या नात्यातल्या शब्दाशी जोडून ठेवा. 'स्टेशनरी'मध्ये 'आर'च्या आधी 'ई' असेल तर अर्थ लेखनसाहित्य, कारण ते विकणारा तो 'स्टेशनर'. 'ए' असेल तर स्थिर. संगणकाची स्पेलिंग तपासणी अशी अदलाबदल अनेकदा पकडत नाही. 'प्रॅक्टिस' मला सर्वांत फसवा वाटतो: ब्रिटिश लेखनात नामाला 'सी' आणि क्रियापदाला 'एस' असतो, उच्चार मात्र एकच राहतो, म्हणून शंका आल्यास 'अ‍ॅडव्हाइस' आणि 'अ‍ॅडव्हाइझ' ही जोडी आठवा, कारण तिथे हाच फरक कानालाही कळतो. अमेरिकी लेखनात 'प्रॅक्टिस'ला दोन्हीकडे 'सी'च लिहितात.