बिघडलेले केशरोपण दुरुस्त करता येते का, आणि त्याच केंद्रात मोफत दुसरी बैठक घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २९, गाव चोपडा तालुक्यात. चौदा महिन्यांपूर्वी परगावच्या एका केंद्रात एकाच दिवशी ३,५०० ग्राफ्ट (मुळांसकट उचललेले एक ते चार केसांचे पुंजके) लावून घेतले. आता कपाळावरची रेषा फार खाली आणि सरळ आली आहे, तिथले केस उभे राहतात, डोक्याच्या मागच्या बाजूला पांढरट ठिपके आणि विरळ चट्टे दिसतात, आणि मधले मूळचे केसही गळू लागले आहेत. त्याच केंद्राने आणखी २,००० ग्राफ्ट मोफत लावून देण्याची तयारी दाखवली आहे आणि आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) घरात लग्नाची बोलणी सुरू होणार आहेत, म्हणून ही मोफत बैठक घ्यावी का, असे तुम्ही विचारता.

मी जळगावात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या भागांतून अशी तक्रार घेऊन येणारी तरुण मुले मला नेहमी भेटतात, त्यामुळे आधी स्पष्ट उत्तर देतो. ही मोफत बैठक घेऊ नका. दुरुस्ती होते, आणि तुमच्या वर्णनावरून बऱ्यापैकी होईल असे वाटते. मात्र तुमच्या बाबतीत तिची सुरुवात नवे केस लावण्यापासून नव्हे, तर चुकीच्या जागी लावलेले केस काढण्यापासून होईल.

याचे कारण डोक्याच्या मागच्या भागात आहे. दोन्ही कानांच्या मधला, मानेच्या वरचा पट्टा हाच केशरोपणाचा खरा साठा असतो, कारण तिथल्या केसांच्या मुळांवर टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाचा परिणाम फारसा होत नाही आणि दुसरीकडे लावली तरी ती मुळे आपला हा गुण टिकवतात. अमेरिकेतील डॉ. नॉर्मन ओरेंट्राइश यांनी १९५९ मध्ये हे मांडले आणि आजची सगळी पद्धत त्याच पायावर उभी आहे. पण केळीचा घड उतरवल्यावर बुंध्याशी पील फुटतो आणि पुन्हा पीलबाग धरता येते, तसे इथे होत नाही. काढलेल्या मुळाच्या जागी दुसरे मूळ येत नाही. चांगली घनता असलेल्या माणसाच्या या पट्ट्यातून आयुष्यभरात साधारण ४,००० ते ६,००० ग्राफ्ट सुरक्षितपणे निघतात. तुमचे ३,५०० निघून गेले आहेत आणि मागे चट्टे दिसतात, म्हणजे ते सगळीकडून विखरून न घेता काही जागांवरून दाट घेतले गेले असावेत. अशा पट्ट्यातून आणखी २,००० काढले तर मागचे डोके उघडे पडेल आणि पुढची रेषा तरीही चुकलेलीच राहील. पैसे न घेता दिली जाणारी ही बैठक तुमचा उरलेला साठा संपवेल, आणि माझा तिला असलेला विरोध याच कारणाने आहे.

निकाल ठरवण्याची वेळ आली आहे का, हे पुढचे पाहायचे. लावलेले केस पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे उगवू लागतात आणि पुढच्या भागाचा अंतिम निकाल बारा महिन्यांनी, माथ्याचा कधी कधी अठरा महिन्यांनी कळतो. हे उत्तर वाचणाऱ्या ज्या कोणाला शस्त्रक्रिया होऊन चारच महिने झाले असतील, त्यांनी कृपया थांबावे. तुमच्या कपाळावरच्या रेषेत मात्र आता आपोआप सुधारणा होण्यासारखे काही उरलेले नाही.

त्यानंतर निदान. हा टप्पा लोक हमखास गाळतात आणि मला त्याची सर्वाधिक काळजी वाटते. केस का उगवले नाहीत किंवा का गळत आहेत, हे डर्मोस्कोपने पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. तुमच्यासारख्या रुग्णाच्या कपाळावर हे छोटे भिंग टेकवले की बहुतेक वेळा एकाच छिद्रातून दोन-तीन जाड केस काटकोनात बाहेर आलेले दिसतात आणि त्यांच्या बुडाशी त्वचा किंचित खोलगट झालेली असते. निसर्गतः त्या पहिल्या ओळीत एकेकटे, बारीक, पुढे झुकलेले केस असतात आणि ओळ वेडीवाकडी असते. हा तंत्रातला दोष झाला. पण त्याच भिंगाखाली केसांच्या बुडाशी लालसरपणा आणि खवले दिसले, आणि मुळांची छिद्रेच बुजलेली आढळली, तर लायकन प्लॅनोपायलॅरिससारखा व्रण करणारा आजार असू शकतो. तशी शंका आली तर त्वचेचा चार मिलिमीटरचा तुकडा तपासणीला पाठवावा लागतो, कारण हा आजार जागा असताना कितीही कुशल हाताने लावलेले केस तो पुन्हा नष्ट करतो. धुळ्याच्या आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. निदानासाठी मोठ्या शहरात जाऊन मोठा खर्च करण्याची गरज नाही.

मधले केस गळणे हे बहुधा केशरोपणाचे अपयश नसून तुमचे मूळचे आनुवंशिक टक्कल पुढे सरकत असल्याचे लक्षण आहे. त्यासाठी औषध लागते, शस्त्रक्रिया नव्हे. पाच टक्के मिनॉक्सिडिल आणि रोज एक मिलिग्रॅम फिनास्टेराइड ही दोन औषधे त्यासाठी रुळलेली आहेत. फिनास्टेराइडमुळे थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होणे किंवा ताठरतेची तक्रार उद्भवते आणि काहींच्या वीर्यावरही परिणाम होतो, म्हणून लग्नाचा विचार असलेल्या तरुणाशी मी याविषयी मोकळेपणाने बोलतो आणि निर्णय त्याच्यावर सोडतो. गळती स्थिर करण्याआधी दुरुस्ती केली तर दोन वर्षांत लावलेल्या केसांच्या मागे नवी मोकळी जागा तयार होते आणि सगळे पुन्हा मांडावे लागते.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. प्रौढ पुरुषाच्या कपाळावरची रेषा मध्यभागी दोन भुवयांमधल्या बिंदूपासून साधारण सात ते नऊ सेंटिमीटर वर असते आणि दोन्ही कोपऱ्यांत ती मागे वळलेली असते. तुमची रेषा याच्या खाली असेल तर तिच्यापुढे बारीक केस लावून ती झाकण्याचा नेहमीचा उपाय चालत नाही, कारण त्यामुळे रेषा आणखी खाली येते. अशा वेळी स्थानिक भूल देऊन साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून लहान पंचाने (गोल, पोकळ धारेच्या हत्याराने) चुकीचे ग्राफ्ट एकेक करून काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे एकेक केसाचे भाग करतात आणि ते योग्य जागी, योग्य कोनात पुन्हा लावतात. या पद्धतीचे मोल असे की काढलेला केस वाया जात नाही आणि मागच्या पट्ट्याला हात लावावा लागत नाही. मात्र पहिल्या वेळी तो कोणत्या कोनात रोवला गेला, हे वरून नेमके कळत नाही, म्हणून काही मुळे काढताना कापली जातात. बाहेर काढलेले मूळ सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी तळाशी वाकलेले आढळते आणि केस सरळ न वाढता कुरळा, खरखरीत का येत होता, याचा उलगडा तिथे होतो. काढलेल्या जागी बारीक फिकट ठिपका राहतो आणि गव्हाळ-सावळ्या कातडीवर तो थोडा अधिक उठून दिसतो. सगळे ग्राफ्ट एका वेळी काढत नाहीत. त्वचेचा रक्तपुरवठा सावरावा म्हणून दोन बैठकांत काही महिन्यांचे अंतर ठेवतात.

लेझरने हे केस जाळून टाकण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. आपल्या त्वचेसाठी १,०६४ नॅनोमीटरचा एनडी याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित असतो, पण जळालेला केस परत वापरता येत नाही आणि बुडाशी पडलेला खळगाही भरून येत नाही. साठा कमी असलेल्या माणसाला मी हा मार्ग शेवटी सुचवेन.

मागच्या चट्ट्यांसाठी फार मोठी आशा दाखवणे मला योग्य वाटत नाही. तिथे केस किंचित लांब ठेवणे, न्हाव्याला शून्य किंवा एक नंबरची मशीन फिरवू न देणे, आणि गरज वाटल्यास त्वचेत रंगाचे बारीक ठिपके भरून घेणे, एवढे उपाय उपलब्ध आहेत. हा रंग काही वर्षांत फिका पडतो आणि पुन्हा भरावा लागतो. दाढीचे, विशेषतः जबड्याखालचे केस मधल्या भागात किंवा व्रणावर लावता येतात, पण ते जाड असल्यामुळे कपाळाच्या रेषेवर कधीही लावू नयेत. आधी थोडेच लावून सात-आठ महिने पाहावे. पीआरपीच्या (स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या द्रवाची इंजेक्शने) सहा-आठ बैठकांचे पॅकेज घेऊन मेलेली मुळे जिवंत होत नाहीत, त्यावर पैसे घालवू नका.

आपल्याकडचा उन्हाळाही विचारात घ्यायला हवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि ताज्या जखमांना घाम, धूळ व ऊन तिन्ही बाधतात. उन्हाने ठिपके काळेही पडतात. शेतात वावर असेल किंवा दुचाकीवर हेल्मेट घालून रोजचा प्रवास असेल, तर बैठक नोव्हेंबर ते जानेवारी या काळात ठेवावी. त्याचे फळ दिसायला पुन्हा वर्ष लागते, म्हणजे आखाजीपर्यंत डोके नीट होणार नाही. माझे मत असे की लग्नाची बोलणी यासाठी अडवू नयेत आणि समोरच्या घरापासून ही गोष्ट लपवूही नये. आरशासमोर उभे राहवत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. झोप आणि भूकही गेली असेल, तर मनोविकारतज्ज्ञाची भेट दुरुस्तीच्या आधी घ्या. त्या दुःखात घाईने घेतलेली दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अधिक नुकसान करते.

कायद्याचेही सांगतो, कारण मुदत चालू आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपणाविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार ही शस्त्रक्रिया योग्य प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची असते आणि तंत्रज्ञाचे काम मदतीपुरते असते. तुमची छिद्रे कोणी पाडली, हे आठवून लिहून ठेवा. केंद्राकडे उपचारांच्या कागदपत्रांची लेखी मागणी करा. मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे. जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची असते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मोफत बैठकीच्या बदल्यात तक्रार नसल्याच्या कागदावर सही मागितली जाण्याची शक्यता आहे. वकिलाला दाखवल्याशिवाय ती करू नका.

दुरुस्तीसाठी डॉक्टर निवडताना त्यांनी पूर्वी केलेल्या दुरुस्त्यांची छायाचित्रे मागा, नव्या केशरोपणाची नव्हे. ग्राफ्ट स्वतः काढणार का, मागच्या पट्ट्यात किती शिल्लक आहेत हे मोजून लेखी देणार का, हे विचारा; पहिल्याच भेटीत तारीख देऊन आगाऊ रक्कम मागणाऱ्याकडे जाऊ नका. त्या भेटीला जाताना डोक्याला तेल किंवा केस दाट दाखवणारी पावडर लावू नका, शस्त्रक्रियेपूर्वीची तारीख असलेली छायाचित्रे मोबाइलवर जवळ ठेवा, आणि मागचे केस त्यांच्यासमोर बारीक करून मोजणी करून घ्यायची तयारी ठेवा.