चार हात लांब, पण चारच का?

एका ताईंनी विचारलंय, "भावाशी मी आता आर्म्स डिस्टन्सच ठेवते, याला चांगलं मराठी काय?"

पहिलं म्हणजे ते आर्म्स लेंग्थ आहे हो, डिस्टन्स नाही! नाशिकच्या कॉलेज रोडला कुठल्याही कॅफेत बसा, शेजारच्या टेबलावर कुणीतरी कुणापासून 'आर्म्स डिस्टन्स'वर असतंच. सीए लोकांचा आर्म्स लेंग्थ प्राइस वेगळा, तो इन्कम टॅक्सवाला, तिथे रुसवाफुगवा काही नसतो, नातं मधे न आणता ठरवलेली किंमत एवढंच. बाकी भावासाठी तुटक वागणं, फटकून राहणं, हातचं राखून बोलणं, पाहिजे ते घ्या.

मला बोलायचंय ते याच अर्थाच्या 'चार हात लांब राहणं'वर. हा हात खांद्यापासूनचा नाही, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा, साधारण १८ इंच. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) २४ अंगुळांचा हात आणि ४ हातांचा दंड असं सरळ कोष्टक दिलंय, आणि गंमत म्हणजे कौटिल्य याच चार हातांच्या मापाला पौरुष पण म्हणतो! आता सिन्नरकडच्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याला विहीर किती खोल विचारा, तो परसात सांगेल, आणि परस म्हणजे पुरुषच की, एक माणूसभर. म्हणजे चार हात लांब राहायचं तर मधे अख्खा माणूस आडवा झोपेल एवढी जागा सोडायची, हे माझं ठाम मत. २०२० साली 'दो गज की दूरी' ऐकून कान किटले होते ना, एक गज म्हणजे दोन हात, करा हिशोब, बरोब्बर सहा फूट.

यावर एक जाणते गृहस्थ मला सुनावतात की चार पैसे, चार शब्द, चार लोक, तसेच हे चार हात, चार म्हणजे थोडेसे, उगाच दंडबिंड आणू नका. वर 'आठ हात लाकूड नऊ हात ढलपी' असा टोमणाही. अहो, मग कुणी 'त्याच्यापासून चार वीत लांब राहा' का म्हणत नाही? वीत काय मराठीत नव्हती? 'दोन हात लांब' म्हणणारेही आहेत म्हणा, पण तो झाला एक गज, तेही मापच.