साखा पुस्तकचित्रांच्या वाटेवर

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतचा आराखडा, दोन्ही सावकाश वाचले. याकुत, म्हणजे रशियाच्या ईशान्य सैबेरियातल्या साखा लोकांच्या पुस्तकचित्रांवर काम करायचं ठरवलंस याचा मनापासून आनंद झाला. पण तू एकदम १९६० च्या दशकातल्या लिनोकटपासून (लिनोलियमवर कोरून काढलेल्या छापचित्रांपासून) सुरुवात केली आहेस, ती बदल.

त्याआधी दोन माणसं नीट पाहा. इवान पोपोव (१८७४–१९४५) हे पहिले व्यावसायिक याकुत चित्रकार मानले जातात. संग्रहालयांसाठी त्यांनी आपल्या लोकांच्या वस्तू जमवल्या. आणि मिखाईल नोसोव (१८८७–१९६०). जुने पोशाख, दागिने, घरं, नक्षी यांची त्यांनी कसोशीने चित्रं काढून ठेवली. पुढच्या चित्रकारांना वीरकाव्यातल्या वीराच्या अंगावर काय घालायचं हे शोधताना अशा नोंदींचाच आधार होता. माझ्या मते पुस्तकचित्रांची खरी पायाभरणी इथेच झाली, आणि तुझ्या आराखड्यात या दोघांचं नावही नाही.

लिपीचा भाग थोडक्यात आटप, पण गाळू नकोस. साखा भाषेसाठी लिपी बसवणारे भाषातज्ज्ञ सेम्योन नोवगोरोदोव यांचं अक्षरओळखीचं पुस्तक १९१७ चं, १९२९ मध्ये लॅटिन लिपी आली, १९३९ मध्ये सिरिलिक. दोन पिढ्याही झाल्या नाहीत तोवर छापील पान इतक्यांदा बदललं.

आता ओलोन्खो. साखांचं हे वीरकाव्य वाद्याशिवाय, एकट्या गळ्यावर उभं राहतं. साखा लेखक प्लातोन ओयून्स्की यांनी १९३० च्या दशकात ‘न्युरगुन बोतुर’ हे ओलोन्खो लिहून काढलं. छत्तीस हजारांहून जास्त ओळी. १९३९ मध्ये ते तुरुंगातच वारले. व्लादिमीर देरझाविन यांचा रशियन अनुवाद १९७५ मध्ये याकुत्स्कला निघाला, त्यात एल्लेय सिव्त्सेव, व्लादिमीर कारामझिन आणि इनोकेंती कोर्याकिन यांची चित्रं आहेत. तुझ्या कामाचा गाभा हेच पुस्तक असू दे.

त्यातला अबासी, म्हणजे खालच्या जगातला राक्षस, घे. कपाळाच्या मध्यावर एक डोळा, छातीतून फुटलेला एकच हात, खाली एकच पाय. ऐकताना अंगावर काटा येतो. पण कागदावर काढून बघ: सगळं मधल्या रेषेवर आल्यामुळे आकृती खांबासारखी ताठ होते, आणि काव्यात तर तो थैमान घालत येतो. मग पाय कुठे वाकवायचा? तोल कशावर द्यायचा? हातभर लिनोलियम घेऊन तू स्वतः हा राक्षस कोर. त्यानंतरच या तिघांबद्दल लिही. कोरताना हात अडेल तिथेच त्यांनी काय निर्णय घेतला ते दिसायला लागेल.

साखा चित्रकार अफनासी मुनखालोव आणि त्यांच्या बरोबरीच्यांनी लिनोकट का धरला, याचं ‘बर्फाचा देश, म्हणून पांढरंकाळं’ असं उत्तर देऊन मोकळा होऊ नकोस. त्या काळात सोव्हिएत संघात लिनोकटची लाट सगळीकडेच होती, लिथुआनिया, एस्टोनियातही. शिवाय साखांच्या हाताला कोरण्याची सवय फार जुनी. कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, पिण्याचं बर्चच्या लाकडाचं भांडं, चोरोन, पाहा: पोटावर आडव्या पट्ट्यांत कोरलेली नक्षी आणि कधीकधी घोड्याच्या खुरांसारखे तीन पाय. मॅमथच्या हस्तिदंतावरचं कामही पाहा. मला हे कारण बर्फापेक्षा कितीतरी पटणारं वाटतं.

तेव्हा पहिलं प्रकरण वस्तूंचं कर. चोरोन, घोडा बांधायचा खांब म्हणजे सेर्गे, बर्चच्या सालीचं उन्हाळी घर म्हणजे उरासा, स्त्रियांचे चांदीचे दागिने: यातली एकेक वस्तू नोसोव यांच्या चित्रांत शोध, मग १९७५ च्या पुस्तकात. कुठे जशीच्या तशी आली आणि कुठे चित्रकाराने ती ताणली, मोडली किंवा मोठी केली, ते समोरासमोर मांड. तेवढं झालं की मला पाठव. मुनखालोव यांच्याबद्दल त्यानंतर बोलू.

तुझा,
सर